रक्त घेतल्यापासून तीन महिने

शेफील्ड, २२ जानेवारी २०१२

ती. अप्पांना नमस्कार,

तुम्ही बाथरूममध्ये पडलात त्याला आज तीन आठवडे झाले. कपाळाचे टाके काढले हे समोरच्या गंगाधररावांनी फोनवर सांगितलं. ते असंही म्हणाले की त्या सकाळी पुट्टी त्यांच्या गेटपाशी येऊन भुंकत राहिली, हाकललं तरी हलेना, म्हणून ते बघायला आले. ती नसती तर तुम्ही किती वेळ तिथेच पडून राहिला असता, हा विचार मी रोज करते आणि रोज मध्येच सोडून देते.

तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही. गंगाधररावांच्या कॉम्प्युटरवर तुमचं तोंड दिसतं, पण माझा आवाज तुमच्या कानातल्या मशीनमध्ये नुसता शिट्टी मारतो. म्हणून आईने बळेच गिरवून घेतलेली ही मराठी अक्षरं बाहेर काढली आहेत. मी कन्नड शाळेत शिकले, चुका झाल्या तर हसू नका.

मागे मी बोलावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, पुट्टीला टाकून येणार नाही. तेव्हा बाहेरून आलेल्या कुत्र्याला इथे सहा महिने कोंडून ठेवत. नऊ वर्षांच्या पुट्टीला ते झेपलं नसतं, म्हणून मी गप्प बसले. या एक तारखेपासून नियम बदलला. आता आधी तिच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. मग रेबीजची लस. चिप आधी आणि लस नंतर, उलटं झालं तर ती लस धरत नाहीत. तीस दिवसांनी रक्त काढून परदेशातल्या मान्य प्रयोगशाळेत पाठवायचं. लस रक्तात उतरली असा रिपोर्ट आला, की रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. तेवढंच.

तुमच्या कायमच्या व्हिसाचे कागद मी इकडून भरते. गोकुलममध्ये डॉक्टर कमलाक्षी म्हणून आहेत, आई पुट्टीला त्यांच्याकडेच न्यायची. उद्याच जा, अप्पा.

आम्हा दोघांचा नमस्कार.
तुळसी


म्हैसूर, १६ फेब्रुवारी २०१२

चि. तुळसीला आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुका सात आहेत, परवा इल्ल, चालायचंच.

शनिवारी, अकरा तारखेला पुट्टीला घेऊन ऑटोने गोकुलमला गेलो. आईच्या कपाटात पुट्टीचं कार्ड सापडलं, हळदीच्या बोटांचे डाग पडलेलं. दर वर्षी जूनमध्ये डॉक्टरची सही आहे. शेवटची २०१० ची. सप्टेंबरात आई गेली, त्यानंतर पान कोरं. डॉक्टरने ते पान माझ्यापुढे धरलं तेव्हा मला मान वर करता येईना. दर वर्षी एका सकाळी तुझी आई कुत्र्याला घेऊन कुठे जायची हे मी कधी विचारलंच नव्हतं. कुत्र्याला दर वर्षी टोचावं लागतं हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं.

डॉक्टर आपल्यापैकी नाही पण मराठी आहे, भावसारांची मुलगी. आजोबा कापड रंगवायचे म्हणाली. तोंड समोर धरून बोलते, त्यामुळे मला सगळं समजलं. रेबीज वर्षातून एकदा. डिस्टेंपर, पार्व्हो आणि उंदराच्या मुतातून होणारा ताप, या तिन्हींची एकच सुई. गेल्या वर्षीची चुकल्यामुळे ती तीन आठवड्यांनी पुन्हा. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी. गोचिडीसाठी मानेवर औषध. चिप बसवताना पुट्टी हूं की चूं करेना, डोळे मीच मिटले.

डॉक्टरने विचारलं, ही घरात काय करते? मी सांगितलं. बेल वाजली की येऊन माझ्या गुडघ्याला नाक लावते. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून माझ्याकडे बघते. दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला, प्रत्येकाचं वेगळं करते. ती ऐकते आणि मी उठतो, असं आमचं घर चाललंय.

जावई पद्मनाभला आशीर्वाद.
अप्पा


शेफील्ड, ७ मार्च २०१२

ती. अप्पांना नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग बॅगेत घालून हॉस्पिटलच्या फार्मसीत नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. अकरा तारखेला लस, म्हणजे रक्त बारा मार्चनंतर कधीही. हे पत्र मिळेल त्याच दिवशी जा. एक दिवसही वाया घालवू नका.

मागच्या अंगणाकडे तोंड करून असलेली खोली तुमची. तिथे सकाळी ऊन येतं, म्हणजे ज्या दिवशी ऊन असतं त्या दिवशी. पुट्टीसाठी अंथरूण आणलंय. दुकानातल्या बाईने विचारलं कुठल्या जातीचं कुत्रं, मी म्हटलं म्हैसूरचं.

आम्हा दोघांचा नमस्कार.
तुळसी


म्हैसूर, ३० मार्च २०१२

चि. तुळसीला आशीर्वाद.

रक्त सतरा तारखेला घेतलं. पुढच्या पायातून काढलं, मी डोकं धरून बसलो होतो. बाटली बर्फात घालून पाठवली, जर्मनीला. तीन महिने म्हणजे सतरा जून.

व्हिसासाठी बेंगळुरूला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. काचेमागच्या मुलीने काहीतरी विचारलं. इंग्रजीच, पण मी चाळीस वर्षं शाळेत शिकवताना ऐकलं तसलं नव्हे. तिने तीनदा विचारलं. शेवटी मागच्या माणसाने कागदावर लिहून दिलं: वडिलांचं नाव काय. सत्तर माणसांच्या रांगेसमोर मला माझ्या वडिलांचं नाव सांगता आलं नाही.

युगादी झाली. कडुनिंब-गूळ मी, गंगाधरराव आणि त्यांची मांजर चिन्नी, तिघांनी वाटून घेतला. चिन्नीने नुसता हुंगला.

तुळसी, तिकडे मी दिवसभर काय करायचं?

अप्पा


शेफील्ड, १८ एप्रिल २०१२

ती. अप्पांना नमस्कार,

काही करायचं नाही. मी संध्याकाळी कामावरून येते तेव्हा घराला वळसा घालून मागच्या दाराने जाते, कारण पुढच्या खोलीत अंधार असतो आणि तो मला रस्त्यावरून बघवत नाही. तुम्ही आलात की तिथे दिवा असेल. एवढंच काम. बाकी वेळ वर्तमानपत्र वाचा, माझ्या चुका मोजा.

काल बसमध्ये एक म्हातारा समोर बसला होता, तुमच्यासारखाच डाव्या हाताने चष्मा पुसत. मी माझा थांबा सोडून दोन थांबे पुढे गेले.

रिपोर्ट आला का? मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सतरा जूनला गोल केलाय. अजून साठ दिवस.

नमस्कार.
तुळसी


म्हैसूर, २४ मे २०१२

चि. तुळसीला आशीर्वाद.

व्हिसा आला, पासपोर्टवर शिक्का आहे. पण दुसरं जे सांगायचंय ते ऐकून घाबरू नकोस, पुट्टी बरी आहे.

नऊ तारखेला सकाळी मी गेटपाशी दूध घेत होतो. खालच्या वळणावरून एक पिवळा कुत्रा आला, मान खाली, तोंडातून लाळेची तार. मला काही ऐकू आलं नाही. लोक ओरडत होते म्हणे. पुट्टी माझ्या पायांमधून पुढे गेली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने तिच्या खांद्याला धरलं. मी दुधाचं भांडं फेकून मारलं, तेव्हा सोडून तो गंगाधररावांच्या कट्ट्यावर गेला. तिथे चिन्नी झोपलेली होती. ती उठायच्या आतच तिची मागची तंगडी त्याच्या तोंडात होती. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा फाटकाजवळ मरून पडला. डोकं तपासायला नेलं. पिसाळलेलाच निघाला.

पुट्टीची जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा, असं डॉक्टरने गंगाधररावांना फोनवर सांगितलं. तसं धुऊन आम्ही गोकुलमला गेलो. फेब्रुवारीची लस अंगात होती म्हणून तिला फक्त लसीच्या जादा मात्रा आणि पंचेचाळीस दिवस लक्ष ठेवायचं. तिची लाळ माझ्या हाताला लागली म्हणून मलाही दंडात पाच सुया.

चिन्नीला कधीच काही टोचलेलं नव्हतं. घरातली मांजर, ती कुठे जाते, असं गंगाधरराव म्हणायचे. डॉक्टरने तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचं म्हटलं, सहा महिने, कोणी हात लावायचा नाही. आठव्या दिवशी ती लाळ गाळू लागली, पाणी गिळता येईना. मग डॉक्टरने तिला सुई देऊन कायमचं झोपवलं. गंगाधररावांनी दोन दिवस ऊट घेतलं नाही, ताटाला हात लावला नाही. एकच कुत्रा, एकच सकाळ, एक वाचली आणि एक गेली. पोरी, तू पत्र लिहिलं नसतंस तर पुट्टीही गेली असती.

मग मी गल्लीत घरोघर गेलो. परवाच्या रविवारी आपल्या अंगणात टेबल मांडलं. डॉक्टर सकाळी आठला आली, दुपारी दीडला गेली. कुत्री एकोणीस, मांजरं अकरा. मांजरं तांदळाच्या पिशवीतून आणली होती लोकांनी. गल्लीतल्या वेंकोजीरावांना त्यांच्याच मांजराने ओरबाडलं. मी प्रत्येकाचं कार्ड लिहिलं, पुढची तारीख लाल शाईने.

आता वाईट बातमी. पुट्टीला चावा बसल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार. नवी लस, मग रक्त, मग पुन्हा तीन महिने. नोव्हेंबर तरी उजाडेल. तू गोल पुसून टाक.

अप्पा


शेफील्ड, ८ जून २०१२

ती. अप्पांना नमस्कार,

तुम्ही दोघं बरे आहात, तेच खूप.

नोव्हेंबर तर नोव्हेंबर. तुम्ही सुया चुकवल्या नाहीत ना? पाचवी परवा, अठ्ठाविसाव्या दिवशी होती. गंगाधररावांना माझं सांगा. मला चिन्नीचा फोटो त्यांनी पाठवला होता एकदा, टीव्हीवर बसलेली.

गोल पुसला.

तुळसी


म्हैसूर, १ जुलै २०१२

चि. तुळसीला आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं काल पलंगावर ओळीने मांडली. जानेवारीत ‘आम्हा दोघांचा नमस्कार’ आहे. मार्चमध्ये आहे. एप्रिलमध्ये नुसता नमस्कार. जूनमध्ये तोही नाही. एप्रिलच्या पत्रात पुढच्या खोलीत अंधार असतो असं लिहिलंयस. पद्मनाभ तर तुझ्या आधी घरी येतो, असं तूच सांगायचीस. माझी पत्रं त्याला आशीर्वाद पाठवतात आणि तुझ्या पत्रात त्याचं नावही येत नाही.

मला ऐकू कमी येतं, वाचता येतं.

सुम्मे, उगाच विचारत नाही. सांग.

अप्पा


शेफील्ड, १६ जुलै २०१२

ती. अप्पा,

पद्मनाभ गेल्या नोव्हेंबरपासून इथे राहत नाही. मँचेस्टरला असतो. भांडण झालं नाही. एका रविवारी जेवताना म्हणाला, मला आता इथे राहायचं नाही. मी विचारलं, या घरात की माझ्याजवळ? तो ताट घेऊन उठला आणि धुऊन ठेवलं. तेच उत्तर होतं. मागच्या महिन्यात वकिलाचे कागद आले.

तुम्ही पडलात तेव्हा हे सांगणार कशी? आणि नंतर प्रत्येक पत्रात ‘आम्हा दोघांचा’ लिहिताना वाटायचं, तुम्ही येईपर्यंत पुरेल हे खोटं. तुम्ही समोर आलात की आपोआप कळेल, मला तोंडाने सांगावं लागणार नाही. एप्रिलपासून हात लिहीना.

अप्पा, मी तुम्हाला सांभाळायला बोलवत नव्हते. तसं दाखवलं खरं, पण तसं नव्हतं. अकरा वर्षांत या घरात मी कोणाशी मराठीत भांडलेली नाही. पद्मनाभला येत होती, पण तो इंग्रजीतच बोलायचा. परवा भाजी चिरताना बोट कापलं आणि मी ‘आई गं’ म्हटलं, तर माझाच आवाज ऐकून दचकले.

नोव्हेंबरपर्यंत मी थांबते. मला थांबता येतं. तुम्ही मात्र काळजी करत बसू नका, नाही तर मला सांगितल्याचा पस्तावा होईल.

तुळसी


म्हैसूर, २७ जुलै २०१२

चि. तुळसी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आजच लिहायला बसतोय, नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

मी तुझ्याशी खोटं बोललो. पुट्टीचं काहीही पुन्हा करावं लागत नाही. जर्मनीचा रिपोर्ट चार मेला आला, त्या पिवळ्या कुत्र्याच्या आधी. लस रक्तात पाहिजे त्याच्या कितीतरी पट उतरली होती. चाव्यानंतर ज्या मात्रा दिल्या त्यांनी तो रिपोर्ट बाद होत नाही, हे डॉक्टरने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. पंचेचाळीस दिवस तेवीस जूनला संपले. तीन महिने सतरा जूनलाच पुरे झाले.

का केलं ते सांगतो. बेंगळुरूच्या काचेपाशी मला वडिलांचं नाव सांगता आलं नाही, तेव्हापासून भीती बसली. इथे मी बहिरा आहे असं कोणाला वाटत नाही. भाजीवाली काय म्हणणार हे मला तिने तोंड उघडायच्या आधी ठाऊक असतं. कन्नड असो, मराठी असो, ओठ बघितले की झालं. तिकडे कोणाचे ओठ वाचू? मी तिथे खरा बहिरा होईन असं वाटलं. मग ती रविवारची लस झाली, तीस जनावरांची कार्डं लिहिली, लोक पुन्हा शाळेतल्यासारखी ‘मेष्ट्रे’, मास्तर, म्हणून हाक मारायला लागले, आणि मला वाटलं आपण अजून कुठल्या तरी कामाचे आहोत. कुत्र्याच्या चाव्याचं निमित्त हाताशी होतं. ते वापरलं. तू पाच ओळींत सगळं गिळून टाकलंस, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि मग तीन रात्री झोप आली नाही.

डॉक्टरला संशय आला होता. जूनमध्ये गोचिडीच्या औषधासाठी गेलो, तर कार्ड माझ्या हातात देत म्हणाली, “पुट्टी केव्हाच तयार आहे सर. तुम्ही नाही.” मी म्हटलं, मशीनमध्ये काही ऐकू येत नाही आज. तिने तेच वाक्य कागदावर लिहून दिलं. तो कागद अजून खिशात आहे.

मी समजत होतो की तू एका भरल्या घरातून मला एका खोलीत बोलावते आहेस. तुला माझी गरज असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. मुलगी आहे, शिकलेली आहे, नवरा आहे, असं धरून चाललो. तुझ्या आईने कार्डावरच्या तारखा सांभाळल्या आणि मला कळलं नाही, तसंच हेही.

रागाव. मोठ्याने रागाव, मला ऐकू येईल इतकं. पण थांबू नकोस. थांबायचं काही उरलेलं नाही. आज गोकुलमला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाली, निघण्याआधी एक ते पाच दिवसांच्या मध्ये चपट्या जंताची गोळी पुट्टीला दवाखान्यात तिच्यासमोर द्यायची आणि वेळ लिहायची, तेवढंच बाकी आहे. गल्लीच्या कार्डांचं वहीसकट काम मी गंगाधररावांकडे दिलं. त्यांना कोणीतरी काम द्यायलाच हवं होतं. परवा कोणाचं तरी मांजराचं पिल्लू त्यांच्या कट्ट्यावर सोडलेलं सापडलं. ते त्याला हात लावत नव्हते. मी म्हटलं, आधी टोचून आणा आणि मग ठरवा. पिशवीत घालून ते गोकुलमला घेऊन गेले आणि परत आणलं ते शर्टाच्या आत.

तू तिकीट काढ. तू म्हणशील ती तारीख.

तुझ्या आईची आठवण इथेच राहील आणि मी तिकडे येईन, याचं मला काय होईल ते सांगता येत नाही. पण आता इथे बसून तुझा विचार करणंही जमायचं नाही.

अप्पा


शेफील्ड, ८ ऑगस्ट २०१२

ती. अप्पा,

रागावले. एक दिवसभर. सकाळी कामावर जाताना रागावले, औषधं मोजताना रागावले. मग संध्याकाळी सतरा जून गेल्याला किती दिवस झाले ते मोजलं आणि स्वयंपाकघरात खाली बसून रडले. बावन्न दिवस तुम्ही तिथे आणि मी इथे, आणि अडवणारं कोणी नव्हतं. पण मीही ‘आम्हा दोघांचा’ लिहून तुमच्यापासून सहा महिने लपवलं. तेव्हा आता कोणी कोणाचं काढायचं नाही.

तिकीट काढलं. पाच सप्टेंबरला पहाटे बेंगळुरूहून. गोळी तीन तारखेला सकाळी द्या, डॉक्टरांना मी कळवलंय. शेजारच्या सीटवरचे लोक काही विचारतील तर त्यांना दाखवायला एक चिठ्ठी सोबत पाठवते आहे. तिच्यात तुमचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे, आणि समोरून हळू बोला असं लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे विमानतळावर घाबरणार नाही. पुट्टी तुमच्याबरोबर बाहेर येणार नाही. जनावरांना वेगळ्या इमारतीत नेतात, चिप तपासतात, कागद बघतात. चार तास लागतात, कधी सहा. तिथे बाहेर एक बाक आहे, मी एप्रिलमध्येच जाऊन बघून आले होते.

आधी तुम्ही या. मग त्या बाकावर बसून आपण दोघं तिची वाट बघू.

तुळसी